पाच मिनिटांचं काम नेमकं किती मिनिटांचं?

'माझा बायोडेटा जरा बघता का?' या वाक्यातला सगळ्यात महागडा शब्द म्हणजे 'जरा'. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन पानं असतात आणि दोन पानं वाचायला पाच मिनिटं पुरतात. पण बघणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. अर्ज कोणत्या नोकरीसाठी आहे ते आधी विचारावं लागतं, त्यात तीन-चार निरोपांची ये-जा होते. मग ती जाहिरात वाचायची. मग बायोडेटा दोनदा वाचायचा, कारण पहिल्या वाचनात 'काहीतरी खटकतंय' एवढंच कळतं, काय खटकतंय ते दुसऱ्या वाचनात सापडतं. पुढे सूचना लिहायच्या, त्याही समोरचा नाउमेद होणार नाही अशा शब्दांत. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दोन दिवसांनी सुधारलेली प्रत येते: 'आता ठीक आहे ना?' ती न बघून चालत नाही.

घड्याळ लावलं तर हिशोब साधारण असा निघतो: निरोप १० मिनिटं, जाहिरात ५, दोन वाचनं १५, सूचना लिहिणं २५, सुधारलेली प्रत १५, तिच्यावरचं उत्तर ५. एकूण ७५ मिनिटं. यात कोणीही खोटं बोललेलं नाही. मागणाऱ्याने काम बाहेरून पाहिलं, करणाऱ्याला ते आतून करावं लागलं, इतकंच.

म्हणून विनंती आली की 'हो म्हणू की नाही' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: मागितलंय काय आणि किती? बहुतेकांचं उलटं होतं. माणूस कोण आहे ते पाहून भिडेखातर हो म्हटलं जातं आणि काम केवढं होतं ते गळ्यात पडल्यावर कळतं.

मापात चूक का होते

आपण आपल्याच कामाचा अंदाज कमी धरतो, हे डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. मराठीत त्याला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. 'सगळंच बिघडलं तर किती लागतील?' यावर सरासरी सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला.

याचं कारण असं की अंदाज करताना आपण कामाची गोष्ट मनात रंगवतो: आधी हे, मग ते, झालं. त्या गोष्टीत फाइल न उघडणं नसतं, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणं नसतं, मधेच आलेला ताप नसतो. उपाय अगदी साधा आहे. 'हे किती वेळात होईल?' असं स्वतःला विचारू नका. 'असं काम मागच्या वेळी किती वेळात झालं होतं?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला कल्पना उत्तर देते, दुसऱ्याला स्मरण. मागचा अनुभवच नसेल तर मनात आलेला आकडा दुप्पट करावा. ही काही शास्त्रीय पट्टी नाही, पण मूळ आकड्यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ जाते.

आणखी एक खर्च हिशोबात येतच नाही: मधेच उठण्याचा. एक काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं की मनाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये या उरलेल्या लक्षाचा अभ्यास मांडला. त्यामुळे ७५ मिनिटं दिवसात कुठे बसतात यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर सलग ७५ मिनिटं देणं वेगळं आणि सकाळच्या एकाग्र कामात तेवढ्याच वेळाचे सहा तुकडे घुसवणं वेगळं.

एकदाच करायचं काम आणि चालू राहणारी जबाबदारी यांतही गल्लत होते. 'समितीत नाव टाकू ना? महिन्याला एक बैठक असते फक्त.' बैठक दीड तासाची, वर्षाला १२, म्हणजे १८ तास. प्रत्येक बैठकीआधी अर्धा तास कागद चाळणं, ते ६ तास. समितीच्या ग्रुपवरचे निरोप आठवड्याला १० मिनिटं धरले तरी वर्षाला पावणेनऊ तासांच्या आसपास. 'फक्त एक बैठक' म्हणता म्हणता वर्षाचे जवळपास ३३ तास झाले, आणि अजून कोणतंही प्रत्यक्ष काम अंगावर आलेलं नाही. अशा जबाबदारीला शेवटची तारीख नसते, हा तिचा खरा धोका. ती घ्यायचीच असेल तर मुदत घालून घ्यावी: 'एक वर्ष करतो, पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी बघा.'

उलट विचारायचे प्रश्न

उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारल्या तर निम्मा गुंता सुटतो. काम पुरं झालं असं कधी म्हणायचं? तारीख कोणती आणि तीच का? यात आणखी कोण आहे? आणि मला जमलं नाही तर काय होईल?

शेवटचा प्रश्न उद्धट वाटतो, पण तो सगळ्यात उपयोगी आहे. 'काही नाही, मग आम्ही दुसऱ्या कोणाला तरी विचारू' असं उत्तर आलं तर तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. 'मग परवाचा कार्यक्रमच रद्द होईल' असं आलं तर विनंतीचं वजन वेगळं. सूर मात्र सांभाळावा: 'मला नाही जमलं तर तुमच्याकडे दुसरी काय सोय आहे?' असं विचारलं की कोणी दुखावत नाही.

तारखेच्या प्रश्नातही बरंच काही दडलेलं असतं. 'शुक्रवारपर्यंत हवंय' यातला शुक्रवार पुष्कळदा मनाला येईल तसा टाकलेला असतो. 'सोमवारी सकाळी दिलं तर चालेल का?' एवढं विचारल्यावर आठवड्याची सगळी घडी वाचते. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या निरोपांचं तर हमखास असं होतं: पाठवणाऱ्याने रात्री सुचलं म्हणून रात्री पाठवलं, वाचणाऱ्याला वाटलं रात्रीच उत्तर हवंय.

या प्रश्नांचा एक आडफायदाही आहे. कामाचा नीट विचारच न केलेला मागणारा पहिल्याच प्रश्नाला अडखळतो, 'बरं, मी नीट ठरवून सांगतो' म्हणतो आणि पुष्कळदा परत येत नाही.

हाताशी वेळ किती आहे

'या आठवड्यात सहा तास रिकामे आहेत, म्हणजे सहा तासांचं काम घेता येईल' हा हिशोब बरोबर दिसतो आणि चुकतो. रांगांच्या गणितात याचं कारण सापडतं. कामं ठरल्या वेळी न येता कधीही येत असतील आणि काही छोटी, काही मोठी असतील, तर नव्या कामाला किती थांबावं लागेल हे तुम्ही किती भरलेले आहात यावर ठरतं, आणि ते सरळ रेषेत वाढत नाही. सगळ्यात सोप्या नमुन्यात एका कामाला सरासरी एक तास लागतो असं धरू. तुमचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर नवं काम हातात घेण्याआधी सरासरी ४ तास पडून राहतं. ९० टक्के भरलेला असेल तर ९ तास. ९५ टक्के असेल तर १९ तास. भार पंधरा टक्क्यांनी वाढला, वाट पाहणं मात्र पाचपटीच्या घरात गेलं.

म्हणून काठोकाठ भरलेला माणूस आळशी नसतानाही सगळ्यांचीच कामं उशिरा देतो. एक ना धड भाराभर चिंध्या. ४० तासांच्या आठवड्यात सात-आठ तास कोणालाही न देता मोकळे ठेवणं ही चैन नव्हे. आधी दिलेले शब्द त्याच मोकळ्या तासांच्या जिवावर पाळले जातात.

लांबच्या तारखेचा सापळा

आजचा दिवस भरलेला असतो, उद्याचाही. तीन महिन्यांनंतरचं पान मात्र कोरं दिसतं. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये दाखवलं की पुढे आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं लोक धरून चालतात, आणि पैशांपेक्षा वेळेच्या बाबतीत हा समज जास्त पक्का असतो. पुढच्या महिन्यात पगार आपोआप वाढणार नाही हे सगळ्यांना कळतं. पुढच्या महिन्यातला मंगळवार आजच्या मंगळवारसारखाच असणार हे मात्र कळत नाही.

तपासायची युक्ती अशी: तीन महिन्यांनंतरचं निमंत्रण या गुरुवारचं आहे असं समजा. या गुरुवारी काहीतरी बाजूला सारून गेला असता का? 'गेलो असतो' असं मनापासून वाटलं तर हो म्हणा. 'छे, या गुरुवारी कसं शक्य आहे!' असं वाटलं तर तीन महिन्यांनीही तेच वाटणार आहे, फक्त तेव्हा शब्द दिलेला असेल.

हो म्हटलंच तर कॅलेंडरवर नुसता कार्यक्रम लिहू नका, त्याच्या मागचं कामही लिहा. ४५ मिनिटांचं भाषण असेल तर तयारीचे तीन तास दोन वेगवेगळ्या दिवसांवर, सरावाचा एक तास, जाण्यायेण्याचा वेळ, आणि परत आल्यावर 'तुमच्या स्लाइड पाठवता का?' याला उत्तर देण्याचा अर्धा तास. हे सगळे चौकोन भरायला कॅलेंडरवर जागाच मिळत नसेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

मागण्याच्या तऱ्हा

काही विनंत्यांची रचनाच अशी असते की हो तोंडातून निघून जातो. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात घरोघरी विचारलं: 'गाडी जपून चालवा' असा मोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का? थेट विचारलं तेव्हा १७ टक्के लोक तयार झाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. छोट्या होकाराने माणूस स्वतःकडे 'आपण मदत करणारे' म्हणून पाहू लागतो आणि पुढचा नकार त्याला स्वतःच्याच विरोधात जाणारा वाटतो. उलटी तऱ्हाही चालते. १९७५ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी आधी अवाढव्य मागणी केली: दोन वर्षं, दर आठवड्याला दोन तास, बालगुन्हेगारांना मार्गदर्शन. नकार आल्यावर म्हणाले, बरं, मग एकदाच दोन तास मुलांना प्राणिसंग्रहालयात घेऊन जाल? ही छोटी मागणी थेट केली तेव्हा १७ टक्के लोक तयार झाले होते, या तऱ्हेने ५० टक्के झाले.

दोन्हींवर उतारा एकच. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीपासून सोडवून, आज पहिल्यांदाच आली असं समजून मोजायची. मागच्या वेळी हो म्हटलं होतं किंवा नुकतंच नाही म्हटलं, यामुळे आजच्या कामाचे तास कमी-जास्त होत नाहीत.

अर्थात, मागणारे सगळे असे डावपेच आखून येत नाहीत; बहुतेक साध्या मनाने येतात. फ्लिन आणि लेक यांच्या २००८ च्या अभ्यासात मदत मागणाऱ्यांना वाटलं होतं त्याच्या साधारण निम्म्याच लोकांना विचारून त्यांचं काम झालं. समोरच्याला नाही म्हणणं किती अवघड जातं याची मागणाऱ्याला कल्पनाच नसते. तो कामाचा आकार बघत असतो, ऐकणारा नकाराचा संकोच. म्हणजे तुम्ही अगतिक होऊन दिलेला होकार समोरच्याला राजीखुशीचा वाटतो, आणि पुढच्या वेळी तो आणखी निर्धास्तपणे विचारतो.

उत्तर कसं द्यायचं

होकार असेल तर त्यात तीन गोष्टी हव्यात: काय, कधीपर्यंत आणि काय नाही. 'हो, बघतो' हा होकार नव्हे. 'बुधवारी संध्याकाळपर्यंत वाचून एकदाच सूचना पाठवतो. सुधारलेली प्रत मात्र बघायला जमणार नाही' हा होकार. वरच्या ७५ मिनिटांतली २० मिनिटं या एका वाक्याने वाचली.

पूर्ण होकार आणि पूर्ण नकार यांच्या मधे बरीच जागा आहे. पूर्ण भाषण नाही, पण प्रश्नोत्तरांना अर्धा तास. अहवाल लिहून नाही, पण आराखड्यावर नजर. प्रत्यक्ष भेट नाही, पण प्रश्न लिहून पाठवले तर लेखी उत्तर. ही शेवटची तोड फार कामाची: 'तुमचे तीन नेमके प्रश्न लिहून पाठवा' म्हटलं की खरी गरज असलेले लोक पाठवतात, बाकीचे पाठवत नाहीत, आणि कोणालाही नाही म्हणावं लागत नाही. मधली वाट निवडताना एवढं पाहावं की ती खरोखर छोटी आहे. नकाराचा संकोच टाळण्यासाठी दिलेला अर्धा होकार हळूहळू पूर्ण होतो.

नकार द्यायचा तर लवकर, थोडक्यात आणि दुरुस्त करता येईल असं कारण न देता. 'या आठवड्यात वेळ नाही' म्हटलं की समोरचा भाबडेपणाने म्हणतो, 'मग पुढच्या आठवड्यात?' त्याची चूक नाही. तुम्ही अडचण सांगितली, त्याने ती सोडवली. जायचंच नसेल तर: 'आठवणीने विचारलंत, बरं वाटलं. मला हे घेता येणार नाही. कार्यक्रम छान होऊ दे.' बस. चार कारणं दिली की त्यातलं सगळ्यात कच्चं कारण पकडून चर्चा सुरू होते. एकाच प्रकारच्या विनंत्या वारंवार येत असतील तर नियम सांगणं सोपं जातं: 'मी महिन्याला दोनच हस्तलिखितं वाचतो, या महिन्याची झाली.' नियम सगळ्यांना सारखा लागू असतो, म्हणून ऐकणाऱ्याला तो स्वतःवरचा शेरा वाटत नाही. नवख्यांना मदत करण्याची मनापासून इच्छा असणाऱ्यांनी तर असा कोटा ठेवावाच.

डीएनएच्या रचनेसाठी १९६२ चं नोबेल मिळालेले फ्रान्सिस क्रिक यांनी अशा विनंत्यांसाठी छापील कार्डच केलं होतं. 'पत्राबद्दल आभार, पण पुढील गोष्ट करता येत नाही, क्षमस्व' अशा अर्थाचा मजकूर आणि खाली यादी: स्वाक्षरी देणं, छायाचित्र पाठवणं, आजार बरा करणं, भाषण करणं, हस्तलिखित वाचणं, मानद पदवी स्वीकारणं वगैरे. लागू असेल त्यावर खूण करायची आणि कार्ड टपालात टाकायचं. आपल्याला कार्ड छापायची गरज नाही, पण चार ओळींचा मसुदा फोनमध्ये तयार ठेवावा. नकार लांबतो तो पुष्कळदा शब्द जुळवण्याच्या कंटाळ्यामुळे.

'बघतो', 'बघू या', 'सांगतो नंतर' या उत्तरांपासून सावध राहा. बोलणाऱ्याच्या मनात तो हळुवार नकार असतो, ऐकणाऱ्याच्या कानात तो जवळजवळ होकार असतो. तो तुमच्या भरवशावर दुसरीकडे विचारत नाही, आणि दहा दिवसांनी तुम्ही नाही म्हणता तेव्हा त्याची वेळ निघून गेलेली असते. विचार करायला खरंच वेळ हवा असेल तर तारीख द्या: 'उद्या संध्याकाळपर्यंत नक्की कळवतो.' आणि कळवा.

'मला नाही, पण अमुकला विचारा' हेही जपून. अमुकला आधी विचारलेलं नसेल तर तुम्ही नकार दिलेला नाही, फक्त नकार देण्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधलंय.

वरिष्ठांच्या बाबतीत हे सगळं जरा वेगळं चालतं, कारण तिथे नाही म्हणण्याची सोय नसते. तिथे क्रम विचारायचा: 'सर, हे घेतो. सध्या माझ्याकडे तिमाही अहवाल आणि नव्या लोकांचं प्रशिक्षण आहे. यातलं कोणतं मागे टाकू?' निवड त्यांच्याकडे जाते आणि त्यांना पुष्कळदा पहिल्यांदाच कळतं की तुमच्याकडे आधीच काय काय आहे. ज्या कामांचं श्रेय कुठेच मोजलं जात नाही, जसं बैठकीची टिपणं काढणं किंवा निरोपसमारंभाची तयारी, त्यांचा प्रश्न एकट्याच्या नकाराने सुटत नाही. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगांत अशी कामं स्त्रियांकडे जास्त वेळा मागितली गेली आणि मिश्र गटांत त्याच जास्त वेळा पुढे झाल्या. गट फक्त पुरुषांचा असला की पुरुष तितकेच पुढे होत होते. म्हणजे प्रश्न स्वभावाचा नाही, अपेक्षेचा आहे. 'कोण करेल?' असं विचारणं बंद करून पाळी लावणं हाच त्यावर चालणारा उपाय.

एखाद्याच्या घरी आजारपण असेल, दुःख झालं असेल, तर यातला कुठलाही हिशोब मांडत बसू नये. तिथे जावं.

दिलेला शब्द मागे घेताना

मोजणी चुकली आणि होकार जास्त झाले, असंही होतं. तेव्हा लोक गप्प बसतात, शेवटच्या दिवसापर्यंत कसंतरी होईल या आशेवर. मुदतीच्या तीन आठवडे आधी आलेला नकार ही गैरसोय असते, आदल्या दिवशी आलेला नकार हा दगा असतो. म्हणून शंका आली त्याच दिवशी कळवा. निरोपात तीन गोष्टी हव्यात: काम होणार नाही हे पहिल्याच वाक्यात, आतापर्यंत काय झालंय आणि ते कुठे ठेवलंय, आणि हवाली करण्यासाठी तुम्ही नेमकं काय कराल. 'सहापैकी दोन प्रकरणं तपासून झाली आहेत, सोबत जोडली आहेत. उरलेली चार मला जमणार नाहीत. जे कोणी पुढे घेईल त्यांना मंगळवारी अर्धा तास फोनवर सगळं समजावून सांगतो.' शेवटी सवयीने 'बाकी काही लागलं तर कधीही सांगा' असं लिहायला बोटं शिवशिवतात. ते वाक्य खोडा, नाहीतर उरलेली चार प्रकरणं महिन्याभरात 'जरा' म्हणत परत येतील.